काहीच न वाटलेली मुलगी

आई गेली त्या दिवशी तिला रडूच आलं नाही. ते का आलं नाही, याचा शोध ती पुढची पंचेचाळीस वर्षं घेत राहिली.

असं कधी झालंय का तुमचं? घरात कुणीतरी गेलंय, सगळे हुंदके देऊन रडतायत आणि तुम्ही कोपऱ्यात उभं राहून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचताय. डोळ्यांत पाणी नाही, घशात आवंढा नाही. आजूबाजूचे आवाज शेजारच्या खोलीतून यावेत तसे येतायत. कुणीतरी लांबची काकू कुजबुजते, बघा, पोरगी कशी दगडासारखी उभी आहे! आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तुम्हीच स्वतःला विचारता, आपल्यात काही कमी आहे का?

५ मे १८९५ रोजी लंडनमधल्या एका तेरा वर्षांच्या मुलीला नेमका हाच प्रश्न पडला. आईचं शेवटचं दर्शन घ्यायला तिला खोलीत नेलं. पलंगाशी बसलेली नर्स रडत होती. तिच्याकडे बघून या मुलीला चक्क हसू आलं. हे रडणं खोटं आहे, असं तिला वाटलं. पुढच्याच क्षणी लक्षात आलं, की आपल्याला काहीच वाटत नाहीये. काही म्हणजे काहीच नाही. ती हादरली. आई गेली म्हणून नव्हे, तर आई जाऊनही आपण कोरडे आहोत म्हणून.

ही मुलगी पुढे व्हर्जिनिया वुल्फ झाली. इंग्लिश लिटरेचर घेतलेल्यांना ती सिलॅबसमध्ये भेटते. बाकीच्यांनी बाईला लिहायचं तर स्वतःची खोली हवी, हे तिचं म्हणणं कुठल्या तरी रीलमध्ये नक्की ऐकलेलं असतं. पण तिच्या लिखाणाखाली आणखी एक गोष्ट वाहत राहते. लहानपणी झालेल्या जखमेची, आणि त्या जखमेपासून वाचण्यासाठी मनाने केलेल्या एका युक्तीची. मानसशास्त्रात या युक्तीला डिसोसिएशन म्हणतात. साध्या मराठीत, मनाचं सुटं होणं.

एक घर, आठ मुलं

व्हर्जिनियाचा जन्म २५ जानेवारी १८८२ चा. वडील लेस्ली स्टीफन मोठे विद्वान, इंग्लंडच्या नामवंतांचा चरित्रकोश संपादित करणारे. आई ज्युलिया जन्माने कलकत्त्याची. तिचे वडील तिथे डॉक्टर होते. लेस्ली आणि ज्युलिया दोघांचाही हा दुसरा संसार. ज्युलियाची पहिल्या लग्नाची तीन मुलं, जॉर्ज, स्टेला आणि जेराल्ड डकवर्थ. लेस्लीची पहिली मुलगी लॉरा, जिची मानसिक वाढ नीट झाली नव्हती. शिवाय दोघांची मिळून चार, व्हनेसा, थोबी, व्हर्जिनिया आणि एड्रियन. केन्सिंग्टनमधलं २२, हाइड पार्क गेट हे उंच, अंधारं घर माणसांनी गच्च भरलेलं असे.

उन्हाळा आला की हे सगळं लटांबर कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजला जायचं. तिथे समुद्राजवळ टॅलंड हाऊस नावाचं घर भाड्याने घेतलेलं होतं. खिडकीबाहेर लाटा फुटतायत, वाऱ्याने पिवळा पडदा हलतोय आणि आपण अर्धवट झोपेत ते ऐकतोय, ही व्हर्जिनियाची सगळ्यात जुनी आणि लाडकी आठवण. लांबवर गॉड्रेव्हीचं दीपगृह दिसायचं. मोठेपणी तिने लिहिलेल्या कितीतरी पानांवर या समुद्राचा आवाज ऐकू येतो.

पण याच घरात आणखी एक आठवण आहे. जेवणघराच्या दाराबाहेर भांडी ठेवायला एक कट्टा होता. व्हर्जिनिया साधारण सहा वर्षांची असताना जेराल्डने तिला त्या कट्ट्यावर उचलून बसवलं आणि तिच्या शरीराला नको तिथे हात लावला. जेराल्ड तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. ती आखडून गेली. हा थांबू दे, एवढंच मनात म्हणत राहिली. तोंडातून शब्द फुटला नाही. नंतरही तिने घरात कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? जे झालं त्याला नाव काय, हेच त्या वयाला माहीत नव्हतं.

शब्द नव्हते, पण शरीराने नोंद ठेवली. त्याच घरातल्या आरशात बघायची तिला लाज वाटू लागली. एका स्वप्नात ती आरशात बघतेय आणि मागून एका प्राण्याचा भेसूर चेहरा डोकावतोय. हे खरंच स्वप्न होतं की जागेपणी दिसलं, ते तिला म्हातारपणापर्यंत सांगता आलं नाही. आरशाची आणि छान कपडे घालून मिरवण्याची भीती मात्र तिला जन्मभर पुरली.

लहानपणचाच आणखी एक प्रसंग आहे. चालता चालता वाटेत पाण्याचं एक डबकं आलं. साधं, एका ढांगेत ओलांडता येईल असं. पण तिचा पाय उचलेना. एकदम सगळं जग खोटं, पातळ, चित्रातल्यासारखं वाटू लागलं. मी कोण, हे काय चाललंय, काही कळेना. कशाला तरी हात लावून बघावं, म्हणजे आपण आहोत याची खात्री पटेल, असं तिला झालं. ती तिथेच अधांतरी उभी राहिली.

मेन स्विच कोण पाडतं?

आता जरा थांबूया आणि या अवस्थेकडे नीट बघूया.

डिसोसिएशन म्हटलं की आपल्याला आठवतो ‘भूल भुलैया’. रात्री घुंगरू वाजतात, डोळे फिरतात आणि एकीची दुसरीच होते. सिनेमाला हे फार सोयीचं पडतं. खऱ्या आयुष्यात मात्र ही गोष्ट बहुतेक वेळा आवाज न करता घडते. तिच्या सौम्य छटा तर आपल्या रोजच्या आहेत. बाइकवरून घरी पोहोचल्यावर लक्षात येतं, मधला अख्खा रस्ता आठवतच नाहीये. लेक्चर चालू असतं, नजर फळ्यावर असते आणि आपण भलतीकडेच. हे झोन आउट होणं कुणालाही होतं. त्यात काळजीचं काही नाही.

पुढची पायरी वेगळी. आपण स्वतःकडेच छताच्या कोपऱ्यातून बघतोय असं वाटणं. हात आपले वाटत नाहीत, आवाज आपला वाटत नाही. किंवा स्वतः ठीक, पण भोवतालचं जग काचेपलीकडे गेल्यासारखं वाटणं. काही जणांच्या आठवणींत मोठमोठी भोकं पडतात. एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी तयार होणं हे या प्रकाराचं टोक, आणि तेवढंच सिनेमाने उचललं.

हे का होतं? घरातला एमसीबी आठवा. विजेचा प्रवाह एकदम वाढला की तो खटकन पडतो. घर अंधारात जातं, पण वायरिंग जळत नाही. संकट आलं की शरीराकडे पहिले दोन मार्ग असतात, लढा किंवा पळा. सहा वर्षांची मुलगी सतरा वर्षांच्या मुलाशी लढू शकत नाही. आणि पळून जाणार कुठे? जो दुखावतोय तो ज्या घरात राहतो, त्याच घरात आईही राहते. अशा वेळी उरतो तिसरा मार्ग. शरीर तिथेच ठेवून मनाने निघून जायचं. त्या क्षणी हा मार्ग मुलाला वाचवतो. अडचण पुढे सुरू होते. मनाला स्विच पाडायची सवय लागते आणि मग धोका नसतानाही, एखाद्या डबक्यापाशीही, तो पडतो.

व्हर्जिनिया सात वर्षांची होती, त्या वर्षी म्हणजे १८८९ मध्ये फ्रान्समध्ये पिएर जानेचा प्रबंध प्रसिद्ध झाला. ल हाव्र या बंदराच्या गावी तो तत्त्वज्ञान शिकवायचा आणि तिथल्या हॉस्पिटलमधल्या रुग्णांचा अभ्यास करायचा. सोसवत नाही अशी आठवण मनाच्या मुख्य प्रवाहातून तुटून बाजूला पडते, पण मरत नाही. माणसाच्या नकळत ती त्याला हलवत राहते, हे त्याने दाखवलं. १८९६ मध्ये व्हिएन्नामध्ये सिगमंड फ्रॉइडनेही आपल्या रुग्णांच्या दुखण्यामागे लहानपणीचे लैंगिक अत्याचार आहेत असं मांडलं, आणि पुढच्याच वर्षी त्याचा त्यावरचा विश्वास उडाला. इतक्या घरांत असं घडत असेल हे त्याला पटेना. जाने तर पुढे जवळपास विस्मरणातच गेला. म्हणजे या मुलीला जे होत होतं त्याचं नाव युरोपात तयार होतं, पण तिच्या घरापर्यंत ते कधी आलंच नाही.

आईनंतर

पुन्हा त्या मे महिन्यात येऊ. ज्युलिया गेली तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. पहाटे लेस्ली आईच्या खोलीतून धडपडत बाहेर आले. व्हर्जिनियाने त्यांना थांबवायला हात पुढे केले. ते तिला बाजूला सारून, काहीतरी ओरडत निघून गेले. ते पसरलेले, रिकामे राहिलेले हात लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहेत.

काही दिवसांनी ती भावाला आणायला पॅडिंग्टन स्टेशनवर गेली. संध्याकाळची वेळ. स्टेशनच्या काचेच्या छतातून सूर्यास्ताचा लालभडक प्रकाश येत होता. इतके दिवस बधिर असलेल्या मुलीला तो प्रकाश असह्य सुंदर वाटला. जणू कुणी डोळ्यांवर भिंग धरलं होतं. बधिरपणा आणि ही कमालीची धार, दोन्ही एकाच मनात नांदत होतं. त्याच उन्हाळ्यात तिला पहिला मोठा मानसिक धक्का बसला. नाडी जोरात धावायची, माणसांसमोर जायची भीती वाटायची.

लेस्लींनी सगळं घर आपल्या दुःखाने भरून टाकलं. ते मोठ्याने विलाप करायचे आणि मुलींनी आपलं सांत्वन करावं अशी अपेक्षा धरायचे. मुलांच्या दुःखाला घरात जागाच उरली नाही. सावत्र बहीण स्टेलाने आईची जागा घेतली. एप्रिल १८९७ मध्ये तिचं लग्न झालं आणि जुलैमध्ये तीही गेली. व्हर्जिनिया तेव्हा पंधरा वर्षांची होती.

आणि मग जॉर्ज. तिच्यापेक्षा जवळपास चौदा वर्षांनी मोठा, देखणा, आईविना बहिणींचा किती सांभाळ करतो म्हणून सगळीकडे वाहवा मिळवणारा. तो बहिणींना जबरदस्तीने उच्चभ्रूंच्या पार्ट्यांना न्यायचा. हातखर्चाचे पैसे कमी म्हणून व्हर्जिनियाने एकदा पडद्या-सोफ्याच्या हिरव्या कापडाचा ड्रेस शिवून घेतला, तर त्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तो फाडून टाकायला सांगितलं. दिवसा हे, आणि रात्री दिवे मालवल्यावर तोच तिच्या खोलीत यायचा, माया करण्याच्या नावाखाली तिच्याशी लगट करायचा. बाहेरच्या लोकांच्या लेखी हा आदर्श भाऊ होता. घरातल्या गुन्हेगाराचा चेहरा बहुतेक वेळा असाच असतो. म्हणून तर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि म्हणून मूलही स्वतःवर विश्वास ठेवेनासं होतं.

२२ फेब्रुवारी १९०४ रोजी वडील गेले. त्याच मे महिन्यात व्हर्जिनिया गंभीर आजारी पडली. बाहेर पक्षी ग्रीक भाषेत गाताना तिला ऐकू येत होते. त्या काळच्या डॉक्टरांचा उपाय ठरलेला होता. बिछान्यात पडून राहा, भरपूर दूध प्या, वाचू नका, लिहू नका, फार विचार करू नका. तुझ्यावर काय बेतलं, हे विचारणं त्या उपचारात बसतच नव्हतं. १९०६ मध्ये ग्रीसच्या प्रवासाहून परतल्यावर लाडका भाऊ थोबी टायफॉइडने गेला. वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत चार जिवाभावाची माणसं गेली होती.

खिळे जुळवणारी बाई

वडिलांच्या मागे भावंडांनी ते अंधारं घर सोडलं आणि ब्लूम्सबरी भागात नवा संसार थाटला. उजेडाच्या खोल्या, पांढऱ्या भिंती, रात्री उशिरापर्यंत मित्रांच्या गप्पा. १९१२ मध्ये तिने लेनर्ड वुल्फशी लग्न केलं. सिलोनमध्ये सात वर्षं सरकारी नोकरी करून तो परतला होता. तिचं आजारपण त्याने जवळून बघितलं. १९१३ मध्ये तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. त्या दिवसांत लेनर्ड तिच्या प्रकृतीच्या नोंदी डायरीत सिंहली आणि तमिळ अक्षरांच्या सांकेतिक लिपीत लिहून ठेवायचा.

१९१५ मध्ये तिची पहिली कादंबरी ‘द व्हॉयेज आउट’ आली. प्रकाशक कोण? डकवर्थ अँड कंपनी. म्हणजे जेराल्ड. ज्या माणसाने लहानपणी तिचा आवाज बंद केला, त्याच्याच टेबलावर तिला आपलं पहिलं पुस्तक नेऊन ठेवावं लागलं. पुस्तक बाहेर येत असतानाच ती पुन्हा कोसळली. दोन्हींचा थेट संबंध आहे असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

मार्च १९१७ मध्ये लेनर्ड आणि व्हर्जिनियाने साधारण एकोणीस पौंडांत हाताने चालवायचं एक छोटं छपाईयंत्र विकत घेतलं आणि रिचमंडच्या घरात, जेवणघरातच मांडलं. तिच्या मनाला हाताचं काही काम हवं, असं लेनर्डला वाटत होतं. लेनर्डचा हात थरथरायचा, म्हणून खिळे जुळवायचं काम तिच्याकडे आलं. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, ओळीत बसवायचं, छापून झालं की परत आपापल्या खणात टाकायचं. डोकं भरकटायला लागलं की बोटांतल्या थंडगार खिळ्यांनी ती जमिनीवर यायची. आजचे थेरपिस्टही भरकटणाऱ्या माणसाला असंच काहीतरी करायला सांगतात. पाय जमिनीला टेकवा, हातात गार वस्तू धरा, दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं घ्या. डबक्यापाशी कशाला तरी हात लावायला धडपडणाऱ्या त्या मुलीला आता हात लावायला काहीतरी सापडलं होतं.

होगार्थ प्रेस हे या छापखान्याचं नाव. तिसऱ्या कादंबरीपासून, म्हणजे १९२२ च्या ‘जेकब्स रूम’पासून तिची पुस्तकं इथूनच निघाली. आता तिला जेराल्डचं दार ठोठवायची गरज उरली नाही.

जे वाटलं नाही, ते लिहिलं

१९२५ मध्ये ‘मिसेस डॅलोवे’ आली. त्यातला सेप्टिमस हा पहिल्या महायुद्धातून परतलेला तरुण. युद्ध संपत आलेलं असताना त्याचा जिवलग अधिकारी मारला जातो आणि सेप्टिमसला फारसं काही वाटत नाही. तो खूशही होतो, की बघा, मी किती खंबीर! नंतर त्याला कळतं, की आता आपल्याला कशाचंच काही वाटत नाही. पक्षी त्याच्याशी ग्रीकमध्ये बोलतात. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही, क्रिकेट बघा, विश्रांती घ्या. आईच्या खोलीतली ती कोरडी मुलगी व्हर्जिनियाने एका सैनिकाच्या अंगात घातली होती. सैनिकांचं बधिरपण आणि लहान मुलांचं बधिरपण एकाच जातीचं आहे, हे मानसोपचाराच्या पुस्तकांत यायला अजून बराच काळ जायचा होता.

मग ‘टू द लाइटहाऊस’. आई, वडील, समुद्र, दीपगृह, सगळे नावं बदलून हजर. पुस्तक बाजारात आलं ५ मे १९२७ रोजी, आईच्या मृत्यूच्या तारखेलाच. यातली आई, मिसेस रॅम्झी, मरते कशी, माहितेय? कंसातल्या एका वाक्यात. रिकाम्या घराचं वर्णन चालू आहे आणि मधेच कंसात जाता जाता सांगितलंय, की ती रात्रीतून गेली आणि तिच्या नवऱ्याचे पसरलेले हात रिकामेच राहिले. हेच ते हात. फक्त खऱ्या आयुष्यात ते मुलीचे होते. धक्का बसलेलं मन मृत्यूची नोंद कशी घेतं, ते तिने त्या कंसातून दाखवलं. गोष्ट घडते, पण घरातल्या मुख्य खोलीत नाही, बाजूच्या बंद खोलीत.

पुस्तक वाचून व्हनेसा हलून गेली. आई पुन्हा जिवंत झाल्यासारखं तिला वाटलं. व्हर्जिनियाच्या बाबतीत उलट घडलं. वयाच्या चाळिशीपर्यंत तिला रोज आईचा आवाज ऐकू यायचा, आई दिसायची. पुस्तक लिहून झालं आणि ते थांबलं. मानसोपचारतज्ज्ञ रुग्णांसाठी जे करतात, ते आपण स्वतःसाठी केलं असावं, असं तिने पुढे नोंदवून ठेवलं. फार दिवस दाबलेलं काहीतरी तिने बाहेर काढलं, त्याला रूप दिलं आणि मग त्याला शांतपणे निजू दिलं.

१९३१ च्या ‘द वेव्हज’मध्ये ऱ्होडा नावाची मुलगी आहे. इतरांना चेहरे आहेत, मला चेहराच नाही, असं तिला वाटतं. आणि हो, तिलाही एक डबकं ओलांडता येत नाही.

शेवटी, उघडपणे

कादंबऱ्यांत तिने हे सगळं दुसऱ्यांच्या नावावर सांगितलं. जॉर्जबद्दल १९२० च्या सुमारास मित्रांच्या एका खासगी मंडळात तिने लेख वाचला होता, तोही थट्टेच्या सुरात. जॉर्ज १९३४ मध्ये गेला, जेराल्ड १९३७ मध्ये. जानेवारी १९३९ मध्ये ती लंडनला आश्रयाला आलेल्या वृद्ध फ्रॉइडला भेटली. त्याने तिला नर्गिसचं एक फूल दिलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिने आठवणी लिहायला घेतल्या. तो कट्टा, तो आरसा, ते डबकं, ती रडणारी नर्स, सगळं स्वतःच्या नावाने कागदावर आलं. तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती.

हे लिखाण पुरं झालं नाही. दुसरं महायुद्ध भडकलं, लंडनमधल्या त्यांच्या घरांवर बॉम्ब पडले, आजार पुन्हा डोकं वर काढू लागला. २८ मार्च १९४१ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, तिने आयुष्य संपवलं. त्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या १९७६ मध्ये.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. व्हर्जिनियाला नेमका कोणता आजार होता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तिच्या चढ-उतारांकडे बघून अनेक जण बायपोलर म्हणतात. कुटुंबातही मानसिक आजार होता; चुलतभाऊ जेम्स त्यातच गेला. काही जण सगळ्याचं मूळ लहानपणीच्या अत्याचारात बघतात. मेलेल्या माणसाला प्रिस्क्रिप्शन लिहून देण्यात अर्थ नाही. शिवाय लहानपणी जखम झालेलं प्रत्येक मूल असं सुटं होत नाही आणि झोन आउट होणाऱ्या प्रत्येकाच्या मागे जखम असतेच असंही नाही. पण काही न वाटण्याचं इतकं बारीक वर्णन तिने केलंय, की ते वाचून आज कुणीतरी म्हणू शकतं, अरे, हे तर माझंच!

आणि तिच्या शेवटामुळे तिचं लिहिणं वाया गेलं असंही समजू नका. तिने एकटीने, ऐकून घेणाऱ्या डॉक्टरांशिवाय, नऊ कादंबऱ्या आणि ढीगभर निबंध लिहिले. तिला जे मिळालं नाही, ते तुम्हाला मिळू शकतं, एवढाच मधल्या काळातला फरक आहे. आणि तो छोटा नाही. बालपणीच्या आघातावर आज नेमके उपचार आहेत. भारतात २०१२ पासून पॉक्सो कायदा आहे, मुलगा असो वा मुलगी. घरातल्या माणसाला तो वगळत नाही, उलट घरातला असला तर गुन्हा जास्त गंभीर धरतो.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी मैत्रीण म्हणाली, मला काहीच वाटत नाहीये, तर तिला कोरडी म्हणू नका. विषय बदलू नका, लगेच सल्लाही देऊ नका. नुसतं शेजारी बसा. चहा मागवा, गरम ग्लास तिच्या हातात द्या. सांगावंसं वाटलं तर ऐका आणि त्यावर विश्वास ठेवा. आणि ती मैत्रीण तुम्ही स्वतःच असाल, तर स्वतःलाही दगड म्हणू नका. मेन स्विच पडलाय. तो कधीतरी तुमच्याच भल्यासाठी पडला होता. कुणाच्या तरी मदतीने, हळूहळू, तो पुन्हा वर करता येतो. त्यासाठी सत्तावन्न वर्षांचं व्हायची वाट बघायला नको.

*कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय?* टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी चाइल्डलाइन १०९८. कॉलेजात काउन्सेलर असेल तर त्यांचं दारही ठोठवा.